पारोसं पाणी

राजाजीनगरातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत प्रेमा खांबेटेला साडेतीन वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात तिने एक खाट घेतली नव्हती, एक कपाट घेतलं नव्हतं, भिंतीत एक खिळा ठोकला नव्हता. काही घ्यायचं म्हटलं की दामोदर म्हणायचा, "कशाला उगीच? सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे." १९५८च्या जूनमध्ये पुण्याहून निघताना तो हेच म्हणाला होता. १९६१चा डिसेंबर उजाडला तरी ते सहा महिने संपायला तयार नव्हते. बाईमाणूस मुळातच सोशिक असतं असं सांगणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा साडेतीन वर्षं रोजची साडी ट्रंकेतून काढून नेसून बघावी.

दामोदर सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. कागदावर त्याची रेघ अशी सरळ यायची की बघणाऱ्याने बघत राहावं. कागद सोडून बाकी सगळीकडे मात्र तो जरा वाकलेलाच असे. साहेबाने हाक मारली की "येस सर" आधी निघायचं आणि हाक कशासाठी होती हे नंतर कळायचं. माणूस वाईट नव्हता. बायकोवर आवाज चढवत नसे, विडी-तंबाखू काही नाही, पगार आणून हातात द्यायचा. पण चांगल्या माणसाचा एक त्रास असतो. त्याच्याशी भांडता येत नाही, आणि भांडल्याशिवाय तो जागचा हलत नाही.

त्या सहा महिन्यांपायीच विद्या पुण्यात राहिली होती. सहा वर्षांची पोर, नुकती शाळेत बसलेली. बेंगळूरला घराजवळ मराठी शाळा नाही. कानडी शाळेत घातली तर पोरीचं ना धड हे ना धड ते होईल, असं दामोदरचे थोरले भाऊ हरीभाऊ म्हणाले, आणि हरीभाऊंचा शब्द खांबेट्यांच्या घरात कुणी मोडत नसे. "सहा महिने राहील आमच्याकडे. चार पोरांत पाचवी," ते म्हणाले. प्रेमाने मान हलवली. त्या मान हलवण्याचा तिला पुढे इतका संताप आला की काही विचारू नका.

गेल्या मे महिन्यात ती पुण्याला गेली होती. अंगणात लंगडी खेळताना विद्या पडली, गुडघा फुटला, आणि रडत धावत आली ती दारात उभ्या असलेल्या आईला ओलांडून थेट स्वयंपाकघरात. थोरल्या जाऊबाई विमलावहिनींच्या कमरेला मिठी मारून "काकूआई, काकूआई" करत हुंदके देत राहिली. वहिनी बिचाऱ्या ओशाळल्या. "अगं, सवय झालीय तिला," म्हणाल्या. प्रेमा हसली आणि जखमेवर लावायला हळद शोधू लागली. हळदीचा डबा तिला सापडेना, कारण ते घर तिचं नव्हतं.

परत आल्यावर तिने पहिल्यांदा आवाज चढवला. दामोदरने घाबरून त्याच आठवड्यात अर्ज टाकला. पुण्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समनची एक जागा रिकामी होत होती, फेब्रुवारीअखेरपर्यंत भरायची होती. इकडच्या साहेबाने "सोडायला हरकत नाही" म्हणून सही केली की झालं. जूनमध्ये शाळा सुरू होताना विद्या आपल्या आईच्या घरातून शाळेत गेली असती. त्या एका सहीवर प्रेमा तेव्हापासून जगत होती.

सही करणारे पोन्नप्पा साहेब कूर्गचे. डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या मळ्यावर कॉफीची फळं तोडायला येतात, तेव्हा ते दीड महिना रजा घेऊन तिकडे जात. अर्जाचं विचारल्यावर ते म्हणाले, "रजेवरून येतो, मग बघू." आणि तेवढ्यात काहीतरी आठवून त्यांनी दामोदरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खांबेटे, तुम्ही नीटनेटके गृहस्थ आहात. माझं एक काम कराल?"

दामोदर संध्याकाळी घरी आला तो छातीशी काचेची भली मोठी बरणी धरून. दोन बस बदलून आला होता, धोतराचा सोगा ओलाचिंब झाला होता, चेहरा वरातीत कलश धरलेल्या माणसासारखा. बरणीत करंगळीएवढा मासा होता. निळा, पण नुसता निळा नव्हे. वळला की त्या निळ्यातून लाल झाक जायची, आणि त्याचे पर पैठणीच्या पदरासारखे पाण्यात पसरायचे.

"फायटर म्हणतात याला," दामोदर कुजबुजला. "एकटाच ठेवावा लागतो. दुसरा दिसला की जीव घेतो. गेल्या वर्षी साहेबांच्या आचाऱ्याने भात घालून घालून एक मारला, म्हणून या वेळी माझ्यावर सोपवलाय. आता समजून जा."

"काय समजून जाऊ?"

"अगं, हा जगला की सही झाली. साहेब दुसऱ्या कुणाला देऊ शकले नसते का?"

प्रेमाने बरणीकडे पाहिलं. मासा काचेला तोंड लावून उभा होता. खांबेट्यांच्या सात पिढ्यांत घरात मासा आला नव्हता, आणि आला तो पोरीला घरी आणायचं आश्वासन घेऊन. तिने बरणी मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. साहेबांनी दिलेली सुकटाची पुडी मात्र तिने चिमट्याने उचलून, वर्तमानपत्रात तीनदा गुंडाळून न्हाणीच्या खिडकीत सारली.

"आणखी काय सांगितलंय साहेबांनी?"

साहेबांनी सांगितलं होतं ते असं: आठवड्यातून एकदा थोडं पाणी काढावं, थोडं नवं घालावं, बाकी त्याला छेडू नये. पण दामोदर त्या वेळी मनातल्या मनात पुण्याला पोचला होता. पाण्याबद्दल त्याने घरी सांगितलं ते एवढंच: "पाणी अगदी स्वच्छ ठेवायचं म्हणाले."

आता पाणी स्वच्छ ठेवायचं कसं हे प्रेमाला कुणी शिकवायला नको होतं. राजाजीनगरात सकाळी सहाला नळ यायचा, आठला जायचा. त्या दोन तासांत ती घरातला आदल्या दिवशीचा थेंबन्‌थेंब ओतून टाकी, हंडा-कळशी-घागर चिंचेने घासून लखलखीत करी आणि नवं पाणी भरी. रात्र उलटलेलं पाणी पारोसं. ते प्यायचं नाही, देवाला घालायचं नाही, घरात ठेवायचंच नाही. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलेला हा धडा. पुण्यात तिने तो नाइलाजाने पाळला होता. इथे आल्यावर तिला त्याची गोडी लागली. खिडकीच्या गजांपलीकडे तांबडी माती, रिकामे प्लॉट आणि तासातासाने जाणारी बस. भाजीवाल्याशी बोलायला शब्द चार, तेही बोटं दाखवून. जिथे आपलं काहीच चालत नाही तिथे माणूस निदान हंडा-कळशीवर तरी राज्य करतो.

तेव्हा रोज सकाळी घरच्या पाण्याबरोबर माशाचंही पाणी बदलू लागलं. प्रेमा त्याला वाटीत काढी, बरणी राखेने घासून विसळी, काठोकाठ नवं पाणी भरी आणि त्याला आत सोडी. डिसेंबरातलं पाणी हाताला चावायचं. नळातून येताना त्याला जंतू मारायच्या औषधाचा उग्र वास असे. बरणी मात्र अशी स्वच्छ की मासा हवेत तरंगतोय असं वाटावं. दामोदर बघून खूश व्हायचा. "साहेबांच्या घरी पण इतकी स्वच्छ नव्हती," म्हणायचा.

पाचसहा दिवस माशाने सुकटाची पूड खाल्ली. मग दोन चिमटींतली एक राहू लागली. दहाव्या दिवशी पूड जशीच्या तशी तळाला जाऊन बसली, आणि मासा त्या पुडीशेजारी. पर मिटलेले, रंग विटलेल्या लुगड्यासारखा. मधूनच वर येऊन तो एक घोट हवा घेई आणि पुन्हा खाली बसे.

प्रेमाने कणकेचे मोहरीएवढे गोळे टाकले. दह्यातल्या भाताचं शीत टाकलं आणि साहेबांचा आचारी आठवून घाईघाईने चमच्याने काढलं. साहेबांनी सांगितलं होतं, आरसा दाखवला की तो चवताळतो, पर फुलवतो. तिने कुंकवाचा आरसा बरणीला लावला, तर त्याने पाठ फिरवली. शेवटी मीठमोहऱ्या घेऊन तिने त्याची दृष्टसुद्धा काढली. हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. पण तिच्या जागी असते तर त्यांनीही काढली असती.

"पाण्यातच काहीतरी दोष असेल," दामोदर म्हणाला. आयुष्यात एवढं खरं तो क्वचितच बोलला असेल, पण अर्थ त्याने उलटा लावला. "दिवसातून दोनदा बदलून बघ."

मग पाणी दोनदा बदलू लागलं.

शेजारी तानूबाई राहायच्या. मूळच्या निपाणीकडच्या, बेंगळूरला वीस वर्षं झालेल्या; नवरा यल्लाप्पा गिरणीत. प्रेमाशी बोलणारी त्या वस्तीतली ती एकच बाई. खिडकीपाशी येऊन गजांना धरून बोलायच्या, जणू भेटायला आल्यात तुरुंगात.

"काय अक्का, ह्यो कोण पाव्हणा म्हणायचा? बरणीसमोर बसलायसा."

"खात नाही हो हा. तीन-चार दिवस झाले."

"आगं बाई. मेला तर?"

"मेला तर मी इथेच," प्रेमा म्हणाली, आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं. "माझी पोरगी तिकडे मला विसरत चाललीय, तानूबाई, आणि मी इथे माशाची नोकरी करतेय!"

तानूबाईंनी गजांतून हात घालून तिचा खांदा दाबला. "स्वल्प दम धरा की. जीव हाय तंवर काय बी होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमा बाजूला बसली. खांबेट्यांच्या घरची ती रीत बेंगळूरलाही चुकली नव्हती. महिन्याचे ते चार दिवस तिने बाहेरच्या खोलीत खिडकीखाली घोंगडीवर बसायचं, कशाला हात लावायचा नाही, पाण्याला तर नाहीच. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, पण दामोदरने तो नेम त्यांच्या मागेही चालवला होता, आणि प्रेमाला मोडायचं सुचलं नव्हतं. चार दिवस तो कचेरीत जाण्याआधी पिठलंभात करायचा, नळाखाली हंडा लावायचा, अर्धं पाणी जमिनीवर सांडायचा. या गडबडीत बरणीला धक्का लागू नये म्हणून त्याने ती मोरीच्या कट्ट्यावरून उचलून बाहेरच्या खिडकीत आणून ठेवली. प्रेमापासून हातभर अंतरावर.

"अहो, माशाचं पाणी!" ती कोपऱ्यातून म्हणाली.

"संध्याकाळी बदलतो."

संध्याकाळी तो म्हणाला, "सकाळी." सकाळी म्हणाला, "बस चुकेल." खरं म्हणजे त्याला मासा हातात घ्यायची भीती वाटत होती. त्याच्या हातून मेला तर? दामोदरच्या भित्रेपणाने जन्मात एक सत्कृत्य केलं असेल तर ते हे.

प्रेमाचा नुसता जीव जात होता. हातभरावर ती बरणी, त्यात पाणी दिवसेंदिवस गढूळ होतंय, आणि तिला उठता येत नाही. तिला वाटलं, आता हा घाणीत मरणार आणि मी घोंगडीवर बसून बघणार. याआधी अशीच गप्प बसून तिने विद्या हातची जाऊ दिली होती. मांडीत तोंड खुपसून ती त्या दिवशी फार रडली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या लक्षात आलं की मासा तळाला नाही. अकरा वाजता खिडकीत ऊन यायचं ते तीनपर्यंत बरणीवर असायचं. त्या उन्हात तो मधोमध लटकून राहिला होता, आणि त्याचे पर अर्धवट उघडले होते. पाणी फिकट चहासारखं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक डास बरणीत पडला आणि पाण्यावर फडफडू लागला. मासा खालून वर आला, क्षणभर थांबला आणि डास नाहीसा झाला.

प्रेमा मोठ्याने ओरडली. घरात कुणी नव्हतं, तानूबाई बाजाराला गेल्या होत्या. साडेतीन वर्षांत तिला पहिल्यांदा काहीतरी सांगण्यासारखं सापडलं होतं आणि ऐकायला भिंती होत्या. संध्याकाळपर्यंत बरणीच्या कडेला फेसाच्या बारीक बुडबुड्यांचा पुंजका जमला. ती घाबरली, पाणी नासलं असं तिला वाटलं. पण बघत बसल्यावर तिला दिसलं की ते बुडबुडे मासाच सोडत होता. तोंडातून एकेक बुडबुडा सोडायचा, नीट लावायचा, मागे सरून बघायचा. दामोदर ड्रॉइंगकडे बघतो तसा.

त्या रात्री घोंगडीवर पडल्या पडल्या तिने विचार केला. सुकटाची पुडी तीच होती. बरणी तीच. ऊन नवं होतं, आणि एक गोष्ट या तीन दिवसांत झाली नव्हती, जी ती स्वतः रोज दोनदा, न चुकता, अंगातलं सगळं बळ लावून करत होती. ते गार, उग्र वासाचं कोरं पाणी त्याला रोज नव्याने सोसावं लागत होतं. बिचारा एका पाण्यात जरा रुळतोय तोवर दुसरं. मीच याला मारत होते, तिच्या मनात आलं, आणि लाजेने तिचे कान तापले. तिने काही वाईट चिंतलं नव्हतं. पण वाईट न चिंतता केवढं वाईट करता येतं हे त्या रात्री तिला पहिल्यांदा समजलं.

पाचव्या दिवशी न्हाऊन, ओल्या केसांनी ती मोरीत आली. हंडा ओतला, कळशी ओतली, घासून भरली, आणि सवयीने हात बरणीकडे गेला. पाण्यावर पिवळट साय होती. चार दिवसांचं पारोसं पाणी! तिच्या अंगावर काटा आला. सासूबाईंचा आवाज डोक्यात सुरू झाला. प्रेमाने हात मागे घेतला, पदराला पुसला आणि सासूबाईंना, त्यांचा पूर्ण मान राखून, सांगितलं की तुम्ही गप्प बसा.

त्या दुपारी तानूबाईंनी करवंटीतून आपल्या हौदातल्या डासांच्या अळ्या आणून दिल्या. "ह्ये घाला की. आमच्याकडं मायंदाळ हाईत." माशाने बघता बघता सात अळ्या खाल्ल्या. मग रोजचं ठरून गेलं. खिडकीतच बरणी, दुपारी अळ्या, आणि आठवड्यातून एकदा फक्त एक तांब्या पाणी काढायचं. त्याच्या जागी घालायचं पाणी प्रेमा दोन दिवस आधी पातेल्यात भरून उन्हात ठेवी, वास उडेपर्यंत. खांबेट्यांच्या घरात शिळं पाणी मुद्दाम राखलं जाऊ लागलं. बाजूला बसण्याची पुढची पाळी आली तेव्हाही तिने एकदोनदा हळूच उठून अळ्या घातल्या. आकाश कोसळलं नाही.

मासा फुलला. निळा असा झाला की शाईच्या दौतीने लाजावं. आणि त्याच्याबरोबर प्रेमाही फुलली. तिने विद्याला पत्र लिहिलं, "जूनमध्ये आपण तिघं एकत्र राहायला लागू." बांधाबांध करायचं तिच्या मनात आलं, पण बांधायचं काय? सगळं बांधलेलंच होतं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पोन्नप्पा साहेब स्वतः मोटार घेऊन आले. उंच, पिळदार मिश्या, हातात कॉफीच्या बियांची पिशवी. त्यांनी बरणी उजेडात धरली, खिशातला छोटा आरसा समोर केला. मासा असा चवताळून पर फुलवून आरशावर गेला की साहेब लहान पोरासारखे हसले.

"मी दिला होता त्याहून चांगला झालाय! खांबेटे, काय केलंत?"

"काही नाही सर, ड्यूटी," दामोदर म्हणाला.

साहेब खुर्ची नसल्यामुळे ट्रंकेवर बसले आणि इंग्रजीत बराच वेळ बोलले. प्रेमा दाराआड उभी होती. तिला एवढंच दिसत होतं की दामोदरचा चेहरा आधी उजळला, मग गोंधळला, मग पुन्हा उजळला. तिने पदर ओढला आणि बाहेर येऊन हळूच विचारलं, "सही झाली?"

"अगं, साहेब म्हणतात, नवा ड्रॉइंग सेक्शन निघतोय. त्याचा मुख्य मला करणार. म्हणतात, जो माणूस दीड महिना एक मासा इतका जपतो त्याच्यासारखा भरवशाचा माणूस मी पुण्याला कसा सोडू?" मग खालच्या आवाजात, "निदान तीन वर्षं."

साहेबांपुढे प्रेमा आजवर तोंड उघडून बोलली नव्हती. ती दोन पावलं पुढे झाली. इंग्रजी येत नव्हतं, कानडी येत नव्हतं. जे काही हिंदी कानावर पडलं होतं ते तिने गोळा केलं. "साब, मछली को हम अच्छा किया. ये नहीं किया. ये पानी भी नहीं बदला. इनको छोड़ो, साब. हमारा बच्ची उधर है."

साहेबांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. बाई काकुळतीला आलीय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही; त्यांना तो धीटपणा वाटला. "व्हेरी गुड! तर मग तुम्हां दोघांनाही सोडत नाही," असं म्हणून ते गडगडाटी हसले, आणि उठता उठता बरणी त्यांनी पुन्हा खिडकीत ठेवली. असा मासा असे हात सोडून दुसरीकडे नेणं पाप होईल, म्हणाले. तो खांबेट्यांना बक्षीस.

मोटार गेली. मग दामोदर म्हणाला, "तीन वर्षं म्हणजे काय गं, बघता बघता जातील."

"तीन वर्षांनी विद्या बारा वर्षांची होईल," प्रेमा म्हणाली. "मी तिला इकडे आणते. या जूनला."

"इकडे? अगं, शाळा..."

"कानडी शाळेत जाईल. तानूबाईंची पोरं जातात ना?"

"दादा काय म्हणेल? वहिनींना काय वाटेल? आणि मराठी..."

"मराठी मी शिकवीन. मला येतं."

दामोदरने आणखी एक कारण शोधलं, मग आणखी एक. शेवटी त्याची कारणं संपली आणि तो म्हणाला, "आणि तू आणायला गेलीस तर माशाचं काय?"

प्रेमा त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. हसता हसता तिला दिसलं की एवढंच होतं. साडेतीन वर्षं ती ज्याला टाळं समजून बसली होती ते असल्या कारणांचंच होतं. कुणीही कधीही हात लावला असता तर उघडलं असतं. हरीभाऊंनी लावलं नव्हतं, साहेबांनी लावलं नव्हतं. तिने मान हलवली होती. दामोदरने सहा महिने म्हटलं होतं. हसू कधी थांबलं आणि रडू कधी लागलं ते तिचं तिलाच कळलं नाही. पण त्याच संध्याकाळी बसून तिने पुण्याला दोन पत्रं लिहिली: एक हरीभाऊंना, दोन ओळींचं; एक विद्याला, चार पानी. त्यात तिने तानूबाईंच्या मुलींची नावं लिहिली, शाळा किती जवळ आहे ते लिहिलं, घरात निळा मासा आहे आणि तो तुझ्या हातून अळ्या खाईल हेही लिहिलं.

उत्तर बाराव्या दिवशी आलं. दामोदर कचेरीतून येऊन चहा घेत होता. "वाच की मोठ्याने," तो म्हणाला. पत्र विद्याच्याच हातचं होतं, पेन्सिलीने आखलेल्या रेघांवर, वळणदार अक्षरात. प्रेमाने वाचलं. "ती. आईस सा. न. तुझं पत्र मिळालं. मला सहामाहीत गणितात पैकीच्या पैकी मिळाले. गुडघा केव्हाच बरा झाला. काकूआई म्हणते, आईची इच्छा असेल तर तू जा, मी रडणार नाही. तुझा मासा छान आहे."

"वा, गणितात पैकीच्या पैकी!" दामोदर म्हणाला. "आणि यायचं काय म्हणते?"

"त्याचं काही लिहिलं नाही," प्रेमा म्हणाली.

खाली एक ओळ होती. ती तिने मोठ्याने वाचली नाही, दामोदरला नंतरही कधी दाखवली नाही. विद्याने लिहिलं होतं, "पण आई, तिथे मला कुणीच ओळखत नाही, म्हणून मी इथे आपल्या घरीच राहू का?"